विहिरीवर गेलेला खेळाडू

खाडी जिथे समुद्राला मिळते अशा एका गावात एकदा एक वृद्ध तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणू ज्याच्या हाती असतं तो. त्या खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा होता. दर पावसाळ्यानंतर तो आपली जागा बदलायचा. नवख्या माणसाची होडी त्यावर चढली की मागून येणारी लाट तिला आडवी करून मोकळी व्हायची. म्हाताऱ्याचं उभं आयुष्य त्या उंचवट्याशी जुळवून घेण्यात गेलं होतं आणि त्याने वाट दाखवलेली होडी कधी उलटली नव्हती. आता त्याची नजर अधू झाली होती. मुखातून होड्या बाहेर काढण्याचं काम आपल्यानंतर आपल्या शिष्याकडे, दिगंबरकडे जाणार, असं तो कधी तोंडाने बोलला नव्हता. पण गावात कुणाला त्याविषयी शंका नव्हती.

दिगंबर तिशी ओलांडलेला गृहस्थ होता. दुसऱ्यांच्या होड्यांवर वर्षानुवर्षं राबून त्याने स्वतःचा एक मचवा बांधला होता आणि आईचं नाव देऊन त्याला 'जानकी' म्हणत होता. मचव्याइतकी प्रिय अशी त्याच्याजवळ दुसरी वस्तू नव्हती.

म्हाताऱ्याने त्याला पहिल्या दिवशी जो धडा दिला होता, तो त्याने मनात पक्का कोरून ठेवला होता. म्हातारा म्हणाला होता, "पाणी काही करायच्या आधी सांगतं. रंग बदलतं, फेस वेगळा येतो, पक्षी उठतात. खूण दिल्याशिवाय समुद्र हात उचलत नाही. ती खूण ओळखायची, एवढंच आपलं काम." दिगंबर हे शिकला आणि चांगलं शिकला. पुढे जे झालं ते त्याच्या अज्ञानातून झालं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. झालं ते त्याच्या विद्येमुळे झालं.

खाडीच्या आतल्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, दिव्यांनी मढवलेलं एक मोठं जहाज नांगर टाकून उभं असे. शहरातली माणसं तिथे पत्ते खेळायला येत. जहाजावरच्या भटारखान्यात मासळी पोचवण्याचं काम दिगंबरला मिळालं. मासळी उतरवून झाली की तो आधी दारातून डोकावायचा. मग दाराच्या आत उभा राहू लागला, मग टेबलाजवळ. आणि मग, आता सांगायला नको, टेबलावर. काही महिन्यांत त्याची साठवलेली पुंजी त्या हिरव्या कापडावर जिरली. तरीही तो निराश नव्हता. उलट अलीकडे त्याच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं, आणि अशा तेजाला जाणती माणसं फार घाबरतात.

एका दुपारी तो म्हाताऱ्याच्या पडवीत आला आणि पाया पडून म्हणाला, "आबा, उद्या मला तुमचा आशीर्वाद पाहिजे."

"कशासाठी?"

"उद्या संध्याकाळी मी 'जानकी' शेठकडे गहाण ठेवतोय."

शेठ म्हणजे मासळीचा एक मोठा व्यापारी. अतिशय गोड बोलणारा माणूस. जहाजावर हरलेल्यांना तो अडीअडचणीला मदत करायचा, आणि या मदतीपायी त्याच्या मालकीच्या होड्या वर्षागणिक वाढत चालल्या होत्या.

पडवीच्या कोपऱ्यात म्हाताऱ्याची विधवा बहीण गोदाक्का सुकी मासळी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र होता तसाच राहिला. रागावण्याऐवजी त्याने चटई पुढे सरकवली.

"बस. हा खेळ आहे तरी कसा, ते मला सांग. मी कधी पाहिला नाही."

दिगंबरला हुरूप आला. बोलणी खायची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी विद्यार्थी होऊन ऐकायला बसलं, तर दुसरं काय होणार! त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला.

"याला बाकारा म्हणतात, आबा. मूळ इटलीचा, असं तिथले लोक सांगतात. पाचेकशे वर्षांपूर्वीचा. पुढे फ्रान्समध्ये राजेरजवाडे खेळायला लागले, आणि तिथून तो जगभर गेला. खरं-खोटं कुणालाच नीट ठाऊक नाही. बाकारा म्हणजे शून्य, असंही म्हणतात. कारण दश्शी आणि चित्रांची पानं, म्हणजे राजा, राणी, गुलाम, यांची किंमत शून्य धरतात."

"नाव तरी खरं ठेवलंय," म्हातारा म्हणाला. "पुढे?"

"दोन बाजू असतात. एका बाजूला प्लेयर म्हणायचं, दुसरीला बँकर. दोघांना दोन-दोन पानं वाटतात. एक्क्याचा एक, बाकीच्या पानांवर जेवढे ठिपके तेवढी किंमत. बेरीज करायची आणि दहा किंवा त्याहून जास्त झाले तर दहा सोडून द्यायचे. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच. नऊच्या जवळ ज्याची बेरीज, तो जिंकला."

"आणि तू कोण? प्लेयर?"

"नाही, आबा. प्लेयर हे नुसतं त्या बाजूचं नाव. मी कुठल्याही बाजूवर लावू शकतो. बरोबरी होईल असंही लावता येतं. त्याला आठपट देतात, पण बरोबरी क्वचित होते. शहाणा माणूस तिकडे जात नाही."

"म्हणजे प्लेयर नावाचा कुणी माणूस तिथे बसलेला नसतो?"

"नसतो."

"बरं. तिसरं पान घ्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?"

"कुणीच नाही, ते नियमानेच ठरलेलं असतं. पहिल्या दोन पानांत कुणाचे आठ किंवा नऊ झाले, तर डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेयरची बेरीज पाचापर्यंत असली तर तिसरं पान घ्यायचं, सहा-सात असली तर थांबायचं. बँकरचा नियम जरा लांबलचक आहे, पण तोही छापलेला असतो. म्हणून बँकर किंचित जास्त वेळा जिंकतो, आणि म्हणून बँकरवर जिंकलं की जहाजवाले आपला थोडा वाटा कापून घेतात."

म्हातारा मान हलवत राहिला. "मग यात तुझं कसब कुठे आलं?"

हाच तर प्रश्न दिगंबरला हवा होता. तो पुढे सरकला. "लावण्यात आहे, आबा. काहीजण हरले की पुढच्या वेळी दुप्पट लावतात. एकदा जिंकलं की सगळं भरून निघतं. पण हरण्याची रांग लांबली तर खिसा संपतो, आणि टेबलालाही कमाल मर्यादा असते, त्यापुढे लावू देत नाहीत. काहीजण उलटं करतात, जिंकले की वाढवतात आणि हरले की लहानावर येतात. मी दोन्ही करून पाहिलं आणि सोडून दिलं. माझी रीत वेगळी आहे. ती तुमची आहे."

"माझी?"

"टेबलाच्या वर एक पाटी असते. प्रत्येक डावानंतर तिच्यावर ठिपका उमटतो. प्लेयरचा निळा, बँकरचा लाल. लोक नुसते बघतात, मी मात्र वाचतो. लाल ठिपके सलग येतात, मग थबकतात, एखादा निळा डोकावतो, परत लाल. आबा, ती भरती-ओहोटी आहे! उधाण कधी आहे, भांगाची मंद भरती कधी आहे, मला दिसायला लागलंय. खूण दिल्याशिवाय काही घडत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता फक्त मोठं लावायला हातात काहीतरी पाहिजे." आणि मग थोडा लाजून म्हणाला, "शिवाय जो सगळ्यात मोठं लावतो, त्यालाच त्या बाजूची पानं उलटायला देतात."

"ती कशी उलटतात?"

दिगंबरने दाखवलं. पान पालथं ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी त्याची कड हळूहळू उचलायची. कडेला ठिपके दिसतात का बघायचं. मग पान फिरवून दुसऱ्या कडेने. नको असलेला ठिपका उडून जावा म्हणून मध्येच त्यावर फुंकर मारायची. हे करताना त्याचा श्वास खरोखरच अडकला होता. गोदाक्का पदर तोंडाला लावून हसली. वाचकांनी मात्र हसू नये. लिफ्टचं बटण एकदा दाबल्यावर ती लवकर यावी म्हणून आपण ते पुन्हा दाबतोच.

"छान," म्हातारा म्हणाला. "आता आपण खेळू. अक्का, शिंपल्या आण. पानं मी वाटतो, तू लाव."

बँकरचा लांबलचक नियमही दिगंबरने सांगितला. म्हाताऱ्याने नियम एकदाच ऐकले होते, पण तो चुकला नाही. काही डाव झाले. दिगंबर कधी जिंकला, कधी हरला, फुंकरा मारत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली आणि त्याने शिंपल्यांचा मोठा ढीग बँकरच्या बाजूला सरकवला.

"नक्की?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नक्की. आता उधाण आहे."

"ठीक. मग ती कळशी घे आणि विहिरीवरून पाणी घेऊन ये."

दिगंबरला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "आत्ता? डाव तर संपू द्या."

"डाव चालू राहील. तू जा."

गुरूने सांगितलेलं काम टाळण्याची त्याला सवय नव्हती. पण विहिरीपर्यंत जाताना त्याने वळूनवळून पडवीकडे पाहिलं, आणि एरवी काठोकाठ भरणारी कळशी आज अर्धीच भरून परत फिरला. आला तेव्हा पानं चटईवर उघडी पडली होती. प्लेयरकडे राजा आणि सत्ती, म्हणजे सात. बँकरकडे पंजी आणि तिर्री, म्हणजे आठ. शिंपल्यांचा ढीग दुणावला होता आणि जहाजवाल्यांचा वाटा म्हणून गोदाक्काने त्यातून थोड्या आधीच उचलल्या होत्या.

"जिंकलो!" दिगंबर ओरडला.

"कोण?"

"मी, आबा!"

"तू तर विहिरीवर होतास."

दिगंबर क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, "पण बाजू तर मी निवडली होती."

"खरं आहे. आता कळशी पूर्ण भरून आण. अर्धीच आणलीयस."

तो पुन्हा गेला. या वेळी परत आला तेव्हा त्याच्या शिंपल्या प्लेयरच्या बाजूला होत्या आणि पुन्हा वाढलेल्या होत्या. म्हातारा म्हणाला, "तू नव्हतास म्हणून तुझ्या वतीने मी अक्काला लावायला सांगितलं. तिने डोळे मिटून लावलं. ठिपके मोजले नाहीत, उधाण पाहिलं नाही."

"मासळी निवडता निवडताच लावलं रे," गोदाक्का म्हणाली.

दिगंबरला आता थोडा राग येऊ लागला होता. आपली थट्टा चालली आहे असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने शांतपणे झाडांना घालण्यासाठी आणखी एक कळशी आणायला सांगितली. तो पाय आपटत गेला आणि पाय आपटत आला. ढीग नाहीसा झाला होता. 'मी हरलो' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण शब्द बाहेर येईना. तो हरला तरी कसा होता? तो तर तिथे नव्हताच. विहिरीच्या काठावर रहाटाची दोरी ओढत असताना माणूस पडवीत हरतो कसा? आणि मग पहिल्यांदा तो जिंकला, ते तरी कसं? कळशी हातात धरून तो तसाच उभा राहिला. पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं.

"ठेव ती खाली," म्हातारा म्हणाला. "एक सांग. आपण मुखावर आहोत. उंचवटा डाव्या हाताला आहे आणि मागून लाट उठतेय. सुकाणू तुझ्या हातात आहे. तेव्हा मी म्हणालो, सोड ते, विहिरीवर जाऊन ये. तर जाशील?"

"आबा! होडी आडवी होईल. माणसं जातील."

"का जातील?"

"का म्हणजे? सुकाणूवर कुणी नसेल तर..."

वाक्य तिथेच तुटलं. दिगंबर चटईवर बसला. त्याला फार लाज वाटली. म्हाताऱ्याने पानं गोळा करून त्यांचा नीट जोड केला, आणि मगच तो बोलला.

"तुला खूण ओळखायला शिकवलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. खूण शोधण्याआधी खूण देणारं कुणी आहे का, ते बघावं. पाण्यामागे चंद्र आहे, वारा आहे, तळाची वाळू आहे. म्हणून फेस काही सांगतो. त्या पाटीवरच्या ठिपक्यांमागे कोण आहे? जे घडून गेलं त्याची ती नुसती नोंद. मागचा डाव कुणी जिंकला, हे पुढच्या पानाला ठाऊक नसतं. तुझे डोळे चांगले आहेत, दिगंबर. म्हणून तर तुला भिंतीवरही भरती दिसली."

"पण पान तर मी उलटतो," दिगंबर पुटपुटला. त्याचं त्यालाच ते खरं वाटत नव्हतं.

"पान छापून झालंय, वाटून झालंय. तू फुंकर मारलीस काय आणि अक्काने शिंकलं काय. ते पान तुझ्या हातात का देतात, माहीत आहे? दिलं नाही, तर आपण तिथे नाहीच आहोत हे तुला कळेल. त्या खेळाला तू लागत नाहीस रे. त्याला फक्त 'जानकी' लागते."

गोदाक्काने कळशीतलं पाणी पेल्यात ओतून दिगंबरसमोर ठेवलं. ते पिऊन तो उठला, पाया पडला आणि आशीर्वाद न मागताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी स्वतःच धक्क्यावर आला. गहाण घेण्याआधी उजेडात मचवा एकदा पाहून घ्यावा, असा त्याचा विचार होता. 'जानकी'च्या फळ्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "बांधणी उत्तम आहे हो. मग, संध्याकाळचं नक्की ना?"

"नाही, शेठ. मचवा बाहेर चाललाय."

"संध्याकाळपर्यंत येईलच की."

"येईल. पण मी जहाजावर जाणार नाही."

"का बरं? तुमचं तर आता जमत आलं होतं."

दिगंबरने दोर सोडता सोडता उत्तर दिलं, "तिथे माझ्यावाचून चालतं, शेठ." व्यापाऱ्याला याचा अर्थ लागला नाही. तो गोड हसला आणि दुसऱ्या होड्या पाहत पुढे गेला.

म्हातारा काठी टेकत आला आणि न विचारता मचव्यात चढला. भरतीचा जोर ओसरत होता आणि मुखावर पाणी खवळलेलं होतं. आजवर अशा वेळी तो दिगंबरच्या शेजारी उभा राहायचा आणि एखाद्या बोटाने डावीकडे, उजवीकडे दाखवायचा. आज तो तसा उभा राहिला नाही. समुद्राकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून तो पुढच्या फळीवर बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

उंचवटा जवळ आला. फेस दोन ठिकाणी फुटत होता, आणि त्यातला खरा कुठला हे दिगंबरला पटकन ठरवता येईना. "आबा," तो ओरडला, "पुढे बघा ना! उजवीकडून काढू का?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत. "मला काय विचारतोस? मी विहिरीवर गेलोय."

दिगंबरने ओठ घट्ट मिटले आणि पाण्याकडे पाहिलं. एका फेसाखालचं पाणी गढूळ होतं, म्हणजे तिथे वाळू वर येत होती. दुसरा फेस नुसत्या वाऱ्याचा होता, त्याच्याखाली पाणी गर्द होतं. समोरून येणारी लाट उठेपर्यंत तो थांबला. मग सुकाणू दाबून त्याने 'जानकी'ला गर्द पाण्यात घातलं. लाट मचव्याखालून गेली. मचवा उचलला गेला, एकवार कलला, सावरला, आणि मोकळ्या समुद्रात येऊन संथ डोलू लागला. दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खारं वारं लागल्यामुळे नव्हतं, आणि ते पुसण्याचीही त्याला घाई नव्हती.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि वळून समुद्राकडे तोंड केलं.

"आलो बाबा विहिरीवरून," तो म्हणाला. "मध्ये काही झालं का?"

"नाही, आबा," दिगंबर म्हणाला. "मी होतो."